वळणापर्यंत

कोपऱ्यावर पोचल्यावर चिसातो रोजच्यासारखी मागे वळली आणि वाकली. दारात उभे असलेले बाबाही वाकले. मग ते सरळ झाले, आणि सरळ झाल्यावर थांबले नाहीत. तसेच ताठ मागे गेले, उभी करून ठेवलेली फळी वाऱ्याने पडावी तसे. हात मागे टेकवले नाहीत, चौकट धरली नाही, ओरडले नाहीत. जो काही आवाज झाला तो डोकं दगडी पायरीवर आपटल्याचा, आणि तोही केवढा, तर जेवण झाल्यावर वाडग्यावर वाडगं ठेवावं एवढा. समोरच्या घरातल्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्यांची झारी थांबलीसुद्धा नाही. चिसातो धावली, पण धावण्याआधी एक क्षण असा गेला की ती अजून अर्धी वाकलेलीच होती आणि तिला वाटलं, बाबांचं पुरं झाल्याशिवाय आपण सरळ होणं बरं दिसणार नाही. ती पोचली तेव्हा ते आकाशाकडे बघत पडले होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसंही दोन वर्षांपासून काही नसे.

"दुकान उघडायची वेळ झाली," ते म्हणाले.

"बाबा, कुठे लागलं?"

"तुझं दुकान. उशीर होईल. जा."

डोक्याच्या मागे टेंगूळ आलं होतं. रक्त नव्हतं. तिने ओला टॉवेल बांधला, सकाळी येणाऱ्या मदतनीस बाईंची वाट बघितली, आणि गेली. जाताना वळली नाही.

वळायचं, वाकायचं हा खरं तर त्या दोघांमधला जुना खेळ होता. गल्लीतल्या इतर बाप-लेकी हात हलवत. पण मित्सुनोबू नान्बा हे स्टेशनजवळच्या मोठ्या वस्तुभांडारात आयुष्यभर वाकलेले गृहस्थ होते. सकाळी काचेची दारं उघडली की आत दोन्ही बाजूंना कर्मचारी ओळीने उभे राहत आणि पहिल्या गिऱ्हाइकांसमोर वाकत. त्या ओळीचं पहिलं टोक म्हणजे बाबा. नंतरची कितीतरी वर्षं ते नव्याने लागलेल्या मुलामुलींना वाकायला शिकवत. हात पँटच्या शिवणीवर, मान आणि पाठ एका रेषेत, नजर आधी माणसावर आणि मग जमिनीवर. "खाली जाणं कुणालाही जमतं," ते म्हणायचे, "वर कसे येता ते दाखवा. वर यायला खाली जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. घाईने वर येणारा माणूस मनातून कधीच निघून गेलेला असतो." आणि दुसरा नियम असा, की निघालेला माणूस दिसेनासा होईपर्यंत सरळ व्हायचं नाही; तो वळणावर मागे बघेल तेव्हा त्याला तुमची पाठ दिसली पाहिजे, तोंड नाही. चिसातोला चष्म्याच्या दुकानात पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांनी तिला आठवडाभर दारातच शिकवलं, आणि पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर वळली तर ते दारात खरोखरच वाकलेले, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकासमोर वाकावं तसे. ती हसली होती. तिनेही वाकून उत्तर दिलं होतं. मग ते रोजचंच झालं. आई जिवंत असताना स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे आता! पोरगी ट्राम चुकवेल आणि हा बसलाय तिला शिरपेच चढवत." मधली काही वर्षं चिसातो नदीपलीकडे एकटी राहत होती तेव्हा खेळ बंद पडला. बाबांचा आजार कळल्यावर ती घरी परत आली आणि तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा ती पन्नाशीची झाली होती. "दारात येऊ नका बाबा, तोल जातो तुमचा," ती सांगायची. "पाहुण्याला आतूनच घालवायचं?" "मी पाहुणी आहे?" "बाहेर पडणारा कुणीही पाहुणाच."

आजाराचं नाव लांबलचक होतं, मालगाडीसारखं, डबा मागून डबा. लाखात मोजक्यांना होतो असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या मुळाशी काहीतरी हळूहळू झिजत जातं, आणि इतर सगळ्यांच्या आधी जाते ती खाली बघण्याची शक्ती. डोळे चांगले असतात, पण ते खाली वळत नाहीत. चिसातोला हे फार उशिरा समजलं, आणि समजायला हवं होतं ते तिलाच, कारण तिचा दिवस जायचा तो लोकांचे डोळे तपासण्यात. बाबा सुरुवातीला म्हणायचे, वाडग्यातलं सूप दिसत नाही, जिना नीट दिसत नाही. तिने त्यांना खुर्चीत बसवून तुटक्या कड्यांचा तक्ता वाचायला लावला. कड्याची फट वर, फट डावीकडे, फट खाली. त्यांनी सगळा तक्ता घडाघडा वाचला. तो भिंतीवर, अगदी त्यांच्या नजरेसमोर टांगलेला होता. तिने चष्मा बदलला. मग पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी महागाची, पातळ, जपून घासलेली भिंगं बसवली आणि बाबा तो चष्मा लावून समोर बघत म्हणाले, "छान. तू खूप छान दिसतेस." आणि उठताना तिच्या पायावर पाय दिला. ते तीन चष्मे अजून कपाटात आहेत. कधीकधी ती दुकानातून परत येताना नदीकाठाने मान ताठ ठेवून, खाली न बघता चालून पाहायची. पहिली थोडी पावलं काही वाटत नसे. मग जमीन जमीन राहत नसे. पाय प्रत्येक वेळी कुठल्यातरी अंदाजावर पडत, आणि तो अंदाज पुढच्याच पावलाला संपेल असं वाटे. ती लगेच खाली बघायची. तिला ती सोय होती.

पडल्यानंतरचे काही दिवस सगळं ठीक होतं. मग बाबा मंदावले. डावी चप्पल पायातून निसटायची आणि त्यांच्या लक्षात यायचं नाही. बोलता बोलता वाक्य सोडून द्यायचे. जेवायच्या काड्यांनी भात उचलायचे आणि तो तोंडापर्यंत न्यायचं विसरायचे. चिसातोने हे सगळं आजाराच्या नावावर टाकलं. तिला आधीच सांगितलेलं होतं ना, की असं होणार, एकेक पायरी उतरत जाणार. ती पायरी आलेली पाहून तिला दुःख झालं, पण आश्चर्य वाटलं नाही. एखाद्याचं येणं ठरलेलं असलं की दार वाजल्यावर कोण आहे हे कुणी विचारत नाही, तसं. शेवटी कुराशिकीहून हात्सुए आत्या आली, बाबांची धाकटी बहीण, जिची जीभ तिच्या गुडघ्यांपेक्षा खूपच चांगली चालायची. तिने बाबांसमोर बसून एक कप चहा पिऊन संपवला आणि म्हणाली, "चिसा, हा आजारी नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आजारी आहेच. पण हा तो आजार नाही. मागच्या वेळी मी याला टकल्या म्हटलं तर यानं मला म्हातारे म्हटलं होतं. आज नुसता बघतोय. आठवड्या-पंधरवड्यात एवढं कुणी म्हातारं होत नाही, मीसुद्धा झाले नाही."

इस्पितळात डोक्याचा फोटो काढला तर कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर, उजव्या बाजूला काळसर चंद्रकोर होती. जुनं रक्त. त्या सकाळपासून आत थेंबथेंब साचत गेलेलं. डॉक्टरांनी हाडाला भोक पाडून ते काढून टाकलं. चिसातोला नंतर एक नळी दिसली आणि तिला जोडलेल्या पिशवीत सोया सॉसच्या रंगाचं काहीतरी. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आज दुकानाला सुट्टी का?" त्या एका पूर्ण वाक्याने चिसातो कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

तेव्हापासून तिच्या मनात दोन ढीग झाले. एक माराचा, एक आजाराचा. माराने गेलेलं परत येणार होतं, आजाराने गेलेलं येणार नव्हतं. ती बाबांची प्रत्येक हालचाल उचलून बघायची आणि ठरवायची की ही कुठल्या ढिगातली. डावा हात उचलला. तो माराच्या ढिगातून परत आला. पाणी पिताना ठसका लागला, पाण्यात दाटपणा आणणारी पूड घालावी लागली, हे कुठलं? त्यांनी रागावून परिचारिकेचा हात झटकला तर तिला आनंद झाला, कारण राग कधीचा हरवलेला होता. आणि मग, मनाला लाज नसते म्हणून, तिने उलटं मोजायला सुरुवात केली. कुणी सांगावं, याआधीही ते पडले असतील. कुणी सांगावं, गेली दोन वर्षं हे रक्तच असेल, आणि ती मालगाडीसारखी अक्षरं चुकून भलत्याच माणसाच्या कागदावर लिहिली गेली असतील. तिने डॉक्टरांना विचारलं. ते तिच्यापेक्षा लहान होते आणि बोलताना स्वतःच्या पेनाकडे बघायचे.

"शस्त्रक्रिया उत्तम झाली," ते म्हणाले. "डोक्याचा मार भरून येईल. पण नान्बासान, मार भरून येतो म्हणजे माणूस मार लागण्यापूर्वी जिथे होता तिथे परत जातो. तुमचे वडील ज्या जागी होते, ती जागाच आता तिथे राहिलेली नाही. ती खाली सरकली आहे."

"मग ते कुठे जातील परत?"

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत."

बाबांना उभारी यावी म्हणून त्याच इस्पितळाच्या वेगळ्या विभागात हलवलं, जिथे व्यायाम करून घेतात. तिथे घरी जाण्याची अट साधी होती. एका माणसाच्या आधाराने पलंगावरून उठून खुर्चीत बसता आलं पाहिजे. दोन माणसं लागत असतील तर घर नाही, वृद्धांसाठीचा निवास. चिसातो एक माणूस होती. ती ते दोनदा होऊ शकत नव्हती. त्यामुळे बाबा उठू लागावेत म्हणून जे काही इच्छिता येईल ते ती इच्छीत होती, आणि बाबा उठू लागले, पण ते भलत्याच वेळी. कुणी "उठा" म्हटलं की ते बसून राहत, जणू शब्द त्यांच्या पाठीमागच्या कुणालातरी उद्देशून होता. पण परिचारिका खोलीत येताना दारात वाकत, निघताना वाकत, औषध देऊन झाल्यावर वाकत. आणि प्रत्येक वेळी बाबांचं शरीर आतून कुणीतरी ढकलल्यासारखं उसळून उभं राहू बघे. गिऱ्हाईक वाकलंय आणि आपण बसलोय, हे त्या शरीराला सोसत नव्हतं. जसजसं डोकं बरं होत गेलं तसतसं ते जास्त जोरात उसळायला लागलं. एकदा पलंगाच्या कडेवर आले, एकदा परिचारिकेच्या अंगावर. मुख्य परिचारिका तोकुमारुबाई चिसातोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाईट वाटतं हो, पण कमरेला पट्टा बांधावा लागेल. पुन्हा डोकं आपटलं तर..."

"ते स्वतःहून उठत नाहीत," चिसातो म्हणाली. "तुम्ही वाकता म्हणून उठतात. तुम्ही वाकू नका."

 तोकुमारुबाईंना पटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "समजलं, सगळ्यांना सांगते," आणि वाकल्या. पलंगावर बाबा हलले. तोकुमारुबाईंनी तोंडावर हात ठेवला.

चिसातोने पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत चिकटवलं: कृपया नान्बासानांसमोर वाकू नये. आत्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "दादासमोर वाकू नये!" ती म्हणाली. "हे वीस वर्षांपूर्वी लावलं असतंस तर त्याच्या दुकानातल्या पोरांनी तुला खांद्यावर घेऊन मिरवलं असतं. ऐकतोयस का रे दादा? आता तुला कुणी मान देणार नाही. सरकारी हुकूम आहे."

"म्हातारे," बाबा म्हणाले.

आत्या खिडकीकडे वळली आणि चष्मा पुन्हा पुसू लागली.

न वाकता राहणं लोकांना किती अवघड जातं हे चिसातोने तिथे पाहिलं. परिचारिका दाराशी येत, पाठ किंचित पुढे होई, मग कागद दिसे आणि त्या मधेच अडकल्यासारख्या थांबत, हात कुठे ठेवावेत ते न समजून. साफसफाईच्या बाई उलट्या पावलांनी बाहेर जात. आणि चिसातो स्वतः? संध्याकाळी निघताना ती नुसती "येते" म्हणायची आणि दाराबाहेर पडायची, चोरासारखी, पाठ फिरवून. मागे न बघता. ट्राममध्ये बसल्यावर तिला वाटायचं की आपण काहीतरी अर्धवट सोडून आलो. नळ, दिवा, दार.

व्यायाम करून घ्यायला इगावा नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते, तरुणपणी ज्युदो खेळलेले, मान खांद्यात रुतलेली. ते म्हणायचे, "मी एक-दोन-तीन म्हटलं की तुमचे वडील माझ्याकडे असं बघतात, जणू मी मासळीबाजारात भाव ओरडतोय." मग एक दिवस व्यायाम सुरू करताना त्यांनी सवयीने वाकून घेतलं आणि बाबा दोन दांड्यांच्या मध्ये खुर्चीतून उभे राहिले. पुरते. इगावांनी त्यांना झेललं तेव्हा ते मागे कलू लागले होते, पण उभे राहिले होते. "अहो चिसातोसान!" इगावा ओरडले. "हे तर लिफ्टसारखे वर आले!" त्यानंतर व्यायामाच्या खोलीत वाकणं सुरू झालं आणि बाहेर बंद राहिलं. कमरेचा पट्टा धरून एक मदतनीस मागे उभा राहायचा, इगावा समोरून वाकायचे, बाबा उठायचे, आणि उठलेले असताना त्यांचा चेहरा, चेहऱ्यावर काही नसतानाही, कामावर असलेल्या माणसाचा वाटायचा. हळूहळू मागचा मदतनीस नुसता उभा राहू लागला. मग लांब उभा राहू लागला. एकदा इगावांनी चिसातोला बोलावलं. "आता तुम्ही." ती समोर उभी राहिली. वाकली. बाबा उठले, तिने त्यांना कमरेला धरून वळवलं, खुर्चीत बसवलं. एका माणसाने. बसल्यावर बाबा म्हणाले, "घाईने वर आलीस."

"हो बाबा."

"पुन्हा."

ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, बाबांना एका रात्रीसाठी घरी न्यायची परवानगी मिळाली. चाचणी म्हणून. हे नीट पार पडलं असतं तर पुढच्या महिन्यात कायमचं घर होतं. चिसातोने आठवडाभर तयारी केली. पायरीवर लाकडी उतार बसवला, गालिचे गुंडाळले, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला. आणि मिठाईचे डबे घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी गेली. बाबा येणार आहेत, कृपा करून त्यांच्यासमोर वाकू नका, नुसतं हसा किंवा हात करा. प्रत्येक दारात वाकून तिने ही विनंती केली. कुंड्यावाल्या बाई रडवेल्या झाल्या. "एवढ्या दिवसांनी घरी येणार आणि मी नुसती उभी राहू?" "हो." "हात करू? नान्बासानांना? लहान मुलाला करतात तसा?" पण त्या दिवशी सगळ्यांनी शब्द पाळला. गाडी गल्लीत शिरली तेव्हा लोक आपापल्या दारात ताठ उभे होते, पुतळ्यांसारखे, आणि एकामागून एक हात वर होत होते. बाबा समोर बघत होते. कुणास ठाऊक, त्यांना काय वाटलं असेल. कदाचित हे कुठलंतरी परकं शहर आहे असं.

घरात उन्हाळ्याचा कोंडलेला, चटयांचा गवती वास होता. पंखा फिरत होता. चिसातोने बाबांची चाकांची खुर्ची मोठ्या खोलीत आणली, त्यांना आवडायची त्या जागी, जिथून समोरच भिंतीतला पूर्वजांचा देव्हारा दिसे, आणि त्यात आईचा फोटो, पांढरी फुलं, सकाळीच ठेवलेले दोन पांढरे पीच. बाबा त्या फोटोकडे सरळ बघू शकत होते; तो उंचीला अगदी बरोबर होता, तुटक्या कड्यांच्या तक्त्यासारखा. प्रवासासाठी खुर्चीला बांधलेला कमरेचा पट्टा तिने सोडला. घरात कसला पट्टा? पीच सोलून, कुस्करून बाबांना द्यावा म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिला बरं वाटत होतं. पीचची साल नखाने ओढली तशी अखंड निघत आली, रस मनगटापर्यंत ओघळला, आणि त्या चिकट गोड वासात तिच्या डोक्यात पहिल्यांदाच दोन ढीग नव्हते, एकच घर होतं, ज्यात बाबा बसले होते. तिने मनाशी आठवून पाहिलं: शेजारी, टपालवाला, मदतनीस बाई, भाजी आणून देणारा. सगळ्यांना सांगितलं होतं. आत्यालाही सांगितलं होतं, आणि आत्या तर बाहेर मोठ्या खोलीत बाबांजवळच होती. ती उदबत्ती लावत होती. काडीचा आवाज आला. मग देव्हाऱ्यासमोरची, घंटेसारखी वाजवायची छोटी पितळी वाटी वाजली, टणकन, आणि तो आवाज लांबत, बारीक होत गेला, तो पुरता संपायच्या आत वाडग्यावर वाडगं ठेवल्याचा आवाज आला.

या वेळी तिने तो ओळखला.

बाबा देव्हाऱ्याच्या पायाशी पडले होते, डोकं लाकडी चौथऱ्याला लागलेलं, उदबत्तीची राख केसांवर. दोन्ही हात पँटच्या शिवणीवर होते. त्यांनी ते पडतानाही हलवले नव्हते. आत्या अजून गुडघ्यांवर होती, देव्हाऱ्याकडे तोंड, मान मात्र पूर्ण मागे वळलेली.

"मी वहिनीला वाकले गं," ती म्हणाली. "चिसा, मी वहिनीला वाकले. दादाला नाही. दादाकडे तर माझी पाठ होती."

"हो आत्या."

"मी तिला नुसतं सांगत होते की दादा घरी आलाय."

चिसातोच्या हातात सोललेला पीच होता. तो कुठे ठेवावा हे तिला बराच वेळ समजेना. जिवंत असलेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन तिने सांगितलं होतं. जी त्या दिवशी घरी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तिला, आईला, सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्यांदा रक्त साचायला वेळ लागला नाही. पुन्हा भोक, पुन्हा नळी, पुन्हा तोच रंग. त्याच डॉक्टरांनी पेनाकडे बघत सांगितलं की शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि ते खरंच होतं. जखम भरली. टाके निघाले. पण तोवर आजार, जो इतके दिवस बाजूला उभा राहून वाट बघत होता, पुढे आला. बाबांची मान मागे जाऊ लागली. आधी उशीत रुतल्यासारखी वाटे, मग उशी काढली तरी तशीच राही. हनुवटी वर, गळा ताणलेला, डोळे छताकडे, जणू फार उंचावरचं काही वाचायचा प्रयत्न चालला आहे. इगावांनी त्यांच्यासमोर वाकून पाहिलं. बाबांना ते दिसले नाहीत. इगावा टाचा उंचावून, मान वर करून, त्यांच्या नजरेत येतील असे उभे राहिले आणि तिथून वाकायचा प्रयत्न केला, तर वाकताच ते नजरेतून निघून जात. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग ते चिसातोकडे वळले आणि त्यांची रुतलेली मान आणखी रुतली. "मला माफ करा," ते म्हणाले.  पलंगाच्या डोक्याशी लावलेला कागद तिने स्वतःच काढला. गोंदाचे चार डाग राहिले.

निवास शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर होता. बाबांना तिथे नेल्यावर चिसातो दर सुट्टीला जायची. दाट केलेला चहा चमच्याने द्यायची, दाढी झाली आहे का बघायची, दुकानातल्या गोष्टी सांगायची: कुणाला नको तो चष्मा हवा असतो, कुणाचं नाक किती अवघड असतं. बाबा छताकडे बघत ऐकायचे, किंवा ऐकत नसतील. बोलणं बंद झालं होतं. निघताना ती "येते बाबा" म्हणून पाठ फिरवायची आणि चालू लागायची, सवयीने, चोरासारखी. रस्ता निवासापासून सरळ उतरून एका पर्सिमनच्या झाडाशी वळत होता. झाडाची पानं गेली होती, नुसती नारिंगी फळं उरली होती. त्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून तिथल्या बाई म्हणाल्या, "थांबा, तुमच्या वडिलांना दारापर्यंत आणते," आणि त्यांनी खुर्ची काचेच्या दाराच्या आत आणून उभी केली. कमरेला पट्टा, मांडीवर पांघरूण. मान मागे. चिसातो निघाली. उतार लागला. झाडाशी पोचली आणि तिथे, पाय पुढे टाकता टाकता, तिच्या लक्षात आलं की आता वळायला हरकत नाही. आता काहीच होणार नाही. कुणीही, कितीही वाकलं तरी बाबा उठणार नाहीत. या विचारात सुटकेसारखं काहीतरी होतं आणि त्याची तिला किळस आली, आणि तरीही ती वळली.

काचेवर ऊन होतं, पण ते दिसत होते. बाबांची हनुवटी, गळा, आणि त्यांच्या वरची रिकामी काच, जिकडे त्यांचे डोळे होते. ती त्यांच्या नजरेच्या फार खाली होती, उतारावर, त्यांना कधीच दिसणार नाही अशा जागी. तिने हात कोटाच्या शिवणीवर ठेवले आणि वाकली. पाठ आणि मान एका रेषेत. नजर जमिनीवर, जमिनीवर एक फुटलेलं पर्सिमन, त्यावर मुंग्या. किती वेळ राहिली कुणास ठाऊक. मग वर आली, जेवढं सावकाश येता येईल तेवढं, आणि वर येताना तिला दिसलं की खुर्चीच्या हातावर असलेला बाबांचा उजवा हात तिथे नाही. तो घसरत, अडखळत, पांघरुणाच्या कडेवरून खाली येत होता. पँटच्या शिवणीपर्यंत आला आणि तिथे ताठ होऊन थांबला. बाकी काहीच हललं नाही. तोंड छताकडेच होतं. मागे उभ्या असलेल्या बाईंना वाटलं असावं की हात निसटला. त्यांनी वाकून तो उचलला आणि परत खुर्चीच्या हातावर ठेवला. हात पुन्हा खाली आला.

चिसातो झाडाखाली उभी होती. धावत वर जावं, काचेपाशी जावं, तो हात धरावा असं तिला वाटलं. पण ती त्या घरात वाढली होती. तिला माहीत होतं की आत, त्या ताठ गळ्याच्या आणि पट्ट्याच्या खाली कुठेतरी, बाबा वाकलेले आहेत, पूर्ण खाली, आणि निघालेला माणूस दिसेनासा होईपर्यंत ते सरळ होणार नाहीत. ती जितका वेळ उभी राहील तितका वेळ त्यांना तसंच राहावं लागेल. तिला निघायला हवं होतं.

तिने पाठ फिरवली आणि वळण घेतलं.